पुढचं पुस्तक कधी येऊन राहिलं?

चाळिशी कधीच मागं पडली, डोळ्यांवर प्रोग्रेसिव्ह चष्मा चढला, आणि मी अजूनही पंधरा-सोळा वर्षांच्या पोरापोरींसाठी लिहिलेल्या कादंबऱ्या वाचते. लपूनछपून नाही. बँकेत जेवणाच्या सुट्टीत डब्याशेजारी उघडं ठेवून वाचते. "मॅडम, मुलीचं पुस्तक आणलं का?" असं कुणी विचारलं तर "माझंच आहे" म्हणून सांगते. मला मुलगी नाही. भाची आहे, अकरावीत, इथंच नागपुरात प्रतापनगरला राहते, आणि आम्हा दोघींचा उद्योग एकच: नवीन काय येतंय त्यावर डोळा ठेवायचा.

‘हंगर गेम्स’ या इंग्रजी किशोर-कादंबऱ्यांच्या मालिकेतलं पाचवं पुस्तक येणार हे जून २०२४ मध्ये जाहीर झालं आणि पुस्तक आलं १८ मार्च २०२५ ला. मधल्या काळात ताईच्या घरी दहावीचं वर्ष. क्लास, टेस्ट सिरीज, पुन्हा क्लास. ताई वैतागून म्हणायची, "हिला बोर्डाचं टाइमटेबल विचारा, आठवणार नाही. त्या पुस्तकाची तारीख विचारा, झोपेत सांगते." परीक्षा संपायला आणि पुस्तक यायला एकच गाठ पडली. मग पोरगी जेवायलासुद्धा खोलीबाहेर येईना. आता त्यावरचा सिनेमा नोव्हेंबर २०२६ मध्ये यायचा आहे, म्हणजे दिवस मोजणं पुन्हा सुरू.

गंमत म्हणजे या पुस्तकात शेवटी काय होणार ते सगळ्यांना आधीच माहीत होतं. हेमिच नावाचा सोळा वर्षांचा मुलगा पोरांनी एकमेकांना मारायच्या त्या पन्नासाव्या खेळात जिंकतो, हे आधीच्या भागांत लिहून झालेलं आहे. तरी पहिल्या आठवड्यात इंग्रजीच्या १५ लाख प्रती गेल्या. ‘सस्पेन्स टिकला पाहिजे’ म्हणणाऱ्या आपल्या लेखकांनी यावर जरा विचार करावा. कीर्तनाला बसणाऱ्याला वस्त्रहरणाच्या वेळी कोण धावून येतो हे ठाऊक नसतं का? तरी बुवा गळा काढून थांबले की माणूस मांडी बदलायची विसरतो. वाट बघायची ती शेवटाची नसते. आपलं एक माणूस त्या पुस्तकात अडकलेलं असतं, त्याची असते.

माझं अडकलेलं माणूस लायरा. इंग्रज लेखक फिलिप पुलमन यांच्या १९९५ च्या पुस्तकात ती अकरा-बारा वर्षांची होती. मला भेटली बरीच उशिरा, बर्डीच्या फुटपाथवर, कव्हर फाटलेल्या अवस्थेत. तिच्या गोष्टीचा शेवटचा भाग २३ ऑक्टोबर २०२५ ला आला. त्याच्या आधीचा २०१९ चा. मधे करोना येऊन गेला, माझी बदली होऊन परत नागपूर झालं, आणि तिकडे आधीच्या भागातच वीसेक वर्षांची झालेली लायरा तशीच अडकून राहिली. २३ ऑक्टोबरला नेमकी भाऊबीज होती. भावानं "ओवाळणीत काय टाकू" विचारलं, मी पुस्तकाचं नाव सांगितलं. तो म्हणाला, "लहान पोरांचं नं ते?" असो. त्याला सोडून द्या.

तर भाचीनं परवा सहज विचारलं, "मावशी, मराठीत काय येऊन राहिलं?"

मी दोन-चार नावं सांगायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं, मी सांगून राहिली ती सगळी येऊन गेलेली पुस्तकं.

मराठीत त्या वयाबद्दलची पुस्तकं कमी नाहीत. उलट आपल्याला त्या वयाचं भयंकर वेड आहे. पण सांगतं कोण ते बघा. ‘श्यामची आई’ साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. बेचाळीस रात्री श्याम बोलतो, पण बोलणारा श्याम मोठा झालेला आहे, गेलेल्या आईबद्दल आश्रमातल्या मित्रांना सांगतो आहे. मिलिंद बोकिलांची ‘शाळा’ २००४ ला आली. त्यातला नववीतला मुकुंद स्वतःच बोलतो, झकास बोलतो, पण त्याच्या आजूबाजूला आणीबाणी आहे. म्हणजे पुस्तक आलं त्या वर्षी नववीत असलेल्या मुलाला ती बापाच्या शाळेची गोष्ट होती. प्रकाश नारायण संतांचा लंपन माझा जीव की प्राण. त्याच्या गोष्टींवर २०२४ मध्ये वेब सिरीज आली तेव्हा माझ्या वयाचा अख्खा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप डोळे पुसत होता. भाचीला मुद्दाम शेजारी बसवून दाखवली. तिनं दोन भाग बघितले, मनापासून बघितले, आणि म्हणाली, "छान आहे गं. पण हे तुमचं आहे."

मला राग आला नाही. पोरगी बरोबर बोलली. ही पुस्तकं त्या वयाकडे मागं वळून बघणाऱ्यांची आहेत. त्यातली हळहळ कळायला आधी ते वय हातातून जावं लागतं. सोळाव्या वर्षी कुणी सोळाव्या वर्षासाठी हळहळत नाही. त्या वयात माणूस चिडलेला असतो, घाबरलेला असतो, कुणाच्या तरी मेसेजची वाट बघत असतो. चिडलेल्या माणसाला आठवणी कशाला पाहिजेत?

मग मराठी पोरं त्या वयात वाचत काय आली? माझ्या पिढीपुरतं सांगते: ‘किशोर’ सुटला की थेट ‘मृत्युंजय’. मधे पायरीच नाही. बालभारतीचा ‘किशोर’ १९७१ पासून निघतो, चौदापर्यंत त्याची साथ असते, त्यानंतर आम्ही एकदम कर्णाच्या रथाखाली. आणि माझं मत विचाराल तर शिवाजी सावंतांची ती कादंबरी इतकी वर्षं पंधराव्या वर्षी वाचली जाते त्याला कारण आहे. आपण खरे कोण हे माहीत नसलेला मुलगा, भर मैदानात जात विचारून त्याला गप्प करणारी मोठी माणसं, जीव लावणारा चुकीचा मित्र. वर पुन्हा कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण, कृष्ण अशी आळीपाळीनं बोलणारी माणसं. आजच्या इंग्रजी किशोर-कादंबऱ्या नेमका हाच प्रकार करतात, एक प्रकरण हिचं, एक प्रकरण त्याचं. आपल्याकडे हे १९६७ मध्ये होतं. फक्त कुणी त्याला पोरांच्या कपाटात ठेवलं नाही आणि त्या वाटेनं पुढचं पुस्तक कुणी पोरांसाठी लिहिलं नाही.

आजच्या काळातला मुलगा लिहिणारे होते नं आपल्याकडे. भा. रा. भागवत. फुरसुंगीचा बनेश फेणे त्यांच्या स्वतःच्या लहानपणात राहत नव्हता, तो पुस्तक हातात घेणाऱ्या पोरांच्याच वर्षात राहत होता. चीनचं युद्ध झालं तर हा पठ्ठ्या तिकडे नेफात, म्हणजे आजच्या अरुणाचलात. २०१७ मध्ये सिनेमावाल्यांनी त्याला मोठा केला आणि पुण्याला मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला पाठवला, तिथं त्याच्या हाती परीक्षेतला घोटाळा लागला. अगदी योग्य केलं. आता तो कुठं सापडणार, तर क्लासमध्येच.

आणि क्लास म्हटलं की नागपूर आलंच. यवतमाळ, चंद्रपूर, गोंदिया, भंडाऱ्याहून पोट्टे इथं येतात, पीजीत राहतात, मेसची भाजी शिव्या देत खातात, रात्री आईला फोनवर "झालं जेवण" म्हणून सांगतात आणि पुन्हा १८० प्रश्नांचा पेपर पुढं ओढतात. पहिल्यांदा घर सुटलेलं, पहिल्यांदा मागच्या बाकावर गेलेले, पहिल्यांदा कुणीतरी आवडलेली, आणि भिंतीवर रँक लागलेली. एवढा मालमसाला एका खोलीत कोंबलेला असताना त्यावरची, त्यांच्यासाठीची एक मराठी कादंबरी मला दाखवा. ‘नीट’ ही मेडिकलची प्रवेश परीक्षा मराठीतून देता येते, पण ‘नीट’ देणाऱ्या पोराची गोष्ट मराठीत वाचायला मिळत नाही. अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आपण पेढे वाटले. वाटा, मीही दोन खाल्ले.

कुणी म्हणेल, हे लिहायचं कुणी? पन्नाशीतल्या साहित्यिकानं क्लासच्या पीजीत जाऊन राहायचं का? नाही. पोरांनीच लिहायचं. अमेरिकेत एस. ई. हिंटन नावाच्या मुलीनं पंधराव्या वर्षी एक कादंबरी लिहायला घेतली, कारण शाळेत डोळ्यांसमोर जे चाललं होतं ते तिला कुठल्याच पुस्तकात दिसत नव्हतं. ‘द आउटसायडर्स’ १९६७ मध्ये छापली गेली तेव्हा ती अठराची होती. हो, पुन्हा १९६७, ‘मृत्युंजय’चंच वर्ष. मुलांच्या टोळ्यांची गोष्ट मुलीनं लिहिली हे कळलं तर समीक्षक नाक मुरडतील म्हणून प्रकाशकांनी नावाची नुसती आद्याक्षरं छापली. आणि ती राहायची कुठं? न्यूयॉर्कला नाही, टुलसाला. आपल्या हिशोबानं पुणं-मुंबई नाही, नागपूर.

नाव झाकून लिहिण्याची परंपरा आपल्याकडेही आहे. जयंत नारळीकरांनी पहिली विज्ञानकथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पाठवली ती ‘नारायण विनायक जगताप’ या नावानं, आपलीच आद्याक्षरं उलटी करून. पहिलं बक्षीस मिळालं. एका साध्या स्पर्धेनं मराठीला कथाकार मिळाला. आपल्या संस्था आंतरशालेय निबंध स्पर्धा घेतात, विषय ‘मोबाइल शाप की वरदान’. त्याऐवजी सोळा ते एकोणीस वयोगटाला सांगा की एका कादंबरीची पहिली वीस पानं आणून द्या. भाषा शुद्ध नसली तरी चालेल, ‘काय करून राहिला बे’ असंच लिहिलं तर फारच चालेल.

फँटसी हवी असेल तर त्यासाठी आपल्याला ड्रॅगन बाहेरून मागवायची गरज नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी महाल-इतवारीत उभं राहून बघा. काळी मारबत आणि पिवळी मारबत, दोन आडव्यातिडव्या प्रचंड बायांचे पुतळे, त्यांच्या मागं त्या वर्षीच्या रागाचे बडगे, म्हणजे आणखी पुतळे, आणि पोरं घसा फाडून ओरडतात, "इडा पिडा घेऊन जा गे मारबत!" शंभराहून जास्त वर्षं हे शहर दरसाल आपला संताप कागद-बांबूत बांधतं, मिरवतं आणि जाळतं. काळी मारबत म्हणजे इंग्रजांना सामील झालेली भोसल्यांची बाकाबाई, असं सांगतात. दरवर्षी जाळली जाणारी ती बाई एका वर्षी बोलायला लागली तर? समजा मारबत बांधणाऱ्या घरातली सतरा वर्षांची पोरगी आहे, बारावीत, बापाला बांबू धरून द्यायला रात्री जागते, आणि तिला पुतळ्याच्या आतून ऐकू येतं, "माझी बाजू कुणी विचारली का गं?" आता ही पोरगी दुसऱ्या दिवशी काडी लावू देईल का? गावाचं काय होईल ती जळली नाही तर? वर्षभराची रोगराई कुठं जाईल? पहिला भाग तिथंच थांबवा. मला दुसरा भाग आत्ता हवा आहे आणि पहिला अजून कुणी लिहिलेला नाही.

प्रकाशकांचं गाऱ्हाणं मला पाठ आहे. हजार प्रतींची आवृत्ती संपत नाही, कागद महागला, पोरं इंग्रजी माध्यमात गेली. कागदाचं खरं आहे. पोरांचं अर्धंच खरं. २०२० च्या कायद्यानं मराठी सगळ्या शाळांत सक्तीची आहे, आणि नागपूरच्या पोरांना हिंदीमुळे देवनागरी डोळ्यांखालून घालायची सवय असतेच. भाची इंग्रजी पाचशे पानं खाते आणि मराठी पन्नास पानांवर कंटाळते, ते अक्षरांमुळे नाही. पन्नासाव्या पानापर्यंत त्यात तिच्या वयाचं कुणी आलेलंच नसतं, आलं तर त्याला आजोबा उपदेश करत असतात.

आणि वाट बघायला लावणं आपल्याला येत नाही असंही नाही. १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक निघाला तेव्हापासून मराठी माणूस ऑक्टोबरात छापील कागदाची वाट बघतो आहे. जगात असं किती भाषांना जमलं? ‘साधना’ बालकुमारांसाठी आणि युवकांसाठी वेगळे दिवाळी अंक काढते, त्यातून दरवर्षी एकाच कादंबरीचा एकेक खंड आला तर आठवीतली पोरगी त्या गोष्टीबरोबर बारावीपर्यंत येईल. प्रकाशनपूर्व सवलतही आपल्याला नवी नाही. ज्ञानेश्वरीच्या संचाला, चरित्रग्रंथाला, कोशाला आपण आगाऊ पैसे भरून पावती जपून ठेवतो. माझ्या वडिलांच्या कपाटात अशा पावत्या अजून आहेत. तीच योजना एखाद्या दोनशे पानांच्या किशोर-कादंबरीला लावून बघा नं. मुखपृष्ठ आधी दाखवा, पहिलं प्रकरण आधी वाचायला द्या, आणि तारीख सांगा. ‘लवकरच येत आहे’ नको. तारीख.

तेव्हा कुणी प्रकाशक इथं वाचत असतील तर मारबतीची कादंबरी, भाग पहिला, माझ्या दोन प्रती लिहून घ्या. पैसे आज पाठवते. एकात भागणार नाही, भाची पानं दुमडते.