दाढ त्याची, उत्तर माझं

धाकट्या भावाची दाढ दुखत होती. "कधीपासून दुखतंय?" डॉक्टरांनी विचारलं, ते मला. "चार दिवस झाले," मी म्हणाले. खुर्चीत आ वासून बसलेला भाऊ म्हणाला, "आठ." त्याचंच बरोबर होतं. सांगितलं की दवाखान्यात नेतात, म्हणून पहिले चार दिवस तो गप्प राहिला होता. भाऊ चौतीस वर्षांचा आहे. त्याला डाउन सिंड्रोम आहे.

हे आठवायचं कारण, ओळखीतल्या एका जोडप्याची मुलगी अठराची होतेय. बौद्धिक अक्षमता आहे. सगळे त्यांना सांगताहेत, कायदेशीर पालकत्व घेऊन टाका. माझं म्हणणं, आधी ठरवा की कोणत्या निर्णयासाठी हवंय. अठरा पूर्ण झाली की व्यक्ती सज्ञान होते आणि आईवडिलांचं पालकत्व आपोआप संपतं, इथवर खरं आहे. पण पूर्ण पालकत्वात बरेचदा पैसे, उपचार, कुठे आणि कोणाबरोबर राहायचं, सगळं एकाच कागदावर दुसऱ्याच्या हाती जातं. हिशेब जमत नाही म्हणून राहायची जागाही दुसऱ्यानं ठरवायची, याचा एकमेकांशी संबंध काय? माझ्या भावाला मोठ्या रकमा कळत नाहीत. कोणत्या नातेवाइकाकडे राहायचं नाही, हे मात्र त्याला माझ्याआधी कळतं.

अमेरिकेत व्हर्जिनियामध्ये जेनी हॅच नावाच्या, डाउन सिंड्रोम असलेल्या तरुणीचा खटला गाजला होता. ती एका दुकानात काम करायची, तिला मित्रांच्या घरी राहायचं होतं. पालकत्वाच्या आदेशामुळे तिची रवानगी ग्रुप होममध्ये, म्हणजे दिव्यांगांना एकत्र ठेवणाऱ्या निवासगृहात झाली. २०१३ मध्ये न्यायालयानं तिच्या पसंतीच्या मित्रांनाच, तेही मर्यादित आणि फक्त एका वर्षासाठी, पालक नेमलं.

संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या दिव्यांग हक्क कराराचं बारावं कलम हेच सांगतं: निर्णयाचा हक्क काढून घेऊ नका, निर्णयासाठी मदत द्या. स्वीडननं माणसाला 'अक्षम' घोषित करणं १९८९ मध्येच बंद केलं. भारताच्या २०१६ च्या दिव्यांग कायद्यात मर्यादित पालकत्व आहे: ठरावीक निर्णयापुरतं, ठरावीक काळापुरतं, त्या व्यक्तीच्या इच्छेनुसार, पालक आणि ती व्यक्ती दोघांनी मिळून. वाचायला फार छान. पण बौद्धिक अक्षमता, ऑटिझम वगैरे असलेल्यांसाठीच्या १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली पालक नेमण्याची वेगळी वाट आहेच, आणि घाबरलेले आईबाप ज्या कागदानं सगळं एकदम मिटेल तोच मागतात.

त्यांना दोष देववत नाही. "आमच्यानंतर काय?" हा प्रश्न आमच्या घरातही रोज रात्री दिवा मालवल्यावर जागा असायचा. शिवाय फसवणूक होतेच. एका 'मित्रा'नं भावाची सही एका कर्जाच्या जामिनावर घेतली होती. निस्तरायला वर्ष गेलं. तेव्हा मीच म्हणाले होते, आता याची सहीच नको. पण रोग होता पैशाच्या कागदांचा, आणि मी औषध देत होते सगळ्या आयुष्याला. मोठ्या व्यवहाराला दोन सह्या लागतील एवढी व्यवस्था पुरली. आणि पालकच लुबाडणारा निघाला तर? त्याच्यावर नजर कोण ठेवणार, हे घाईत कोणी विचारत नाही.

काही माणसांना बोलून, खुणेनंही आपलं मत सांगता येत नाही. तिथे कोणीतरी सही करायलाच हवी, मला मान्य आहे. पण तिथेही 'तिच्या भल्याचं काय' याआधी 'तिला काय आवडतं' हे बघावं. ती कशानं हसते, कोणाला पाहून अंग चोरते, हे रोज सांभाळणाऱ्याला ठाऊक असतं.

दाढ काढायची ठरली तेव्हा संमतीचा कागद डॉक्टरांनी माझ्याकडेच सरकवला. मी तो भावापुढे ठेवला. त्यानं विचारलं, "इंजेक्शन आहे?"

"आहे."

"मग आज नाही."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी पर्स उचलली. दाढ दोन दिवसांनी निघाली.