वेळ वाचवा, पण आधी कात्री शोधा

घरात चार माणसं, चौघांची चार टाइमटेबलं, आणि तरी सगळं कसं वेळेवर आणि टापटीप व्हावं असं वाटतंय ना तुम्हाला? वाटणारच. मलाही वाटायचं. आता वाटायचं थांबलंय म्हणून मी सल्ले द्यायला घेतलेत, या बसा. म्हणजे बसा कसले, खुर्चीवर इस्त्रीचे कपडे आहेत, उभ्यानेच ऐका.

सगळ्यात आधी सामान आणा. नियोजन नंतर, सामान आधी. जाड डायरी, सहा रंगांची पेनं, चिकटवायच्या चिठ्ठ्या आणि मुख्य म्हणजे भिंतीवर लावायला व्हाइटबोर्ड. आमच्याकडे बोर्ड आला त्या दिवशी मी वरच्या ओळीत नावं आणि डावीकडे कामं असा झकास तक्ता आखला, मुलांनी आपापला रंग निवडला, धाकटीने केलेल्या कामापुढे स्टार काढायचे असं सुचवलं, आणि नवरा मागे हात बांधून म्हणाला वा, आता कसं सिस्टिममध्ये आलं घर. आठवडाभर चाललं. मग मार्करचं झाकण कोणीतरी उघडं ठेवलं आणि मार्कर वाळला. झाकण कोणी उघडं ठेवलं यावर रात्री चौकशी बसली, ती चाळीस मिनिटं चालली आणि निष्पन्न काही झालं नाही, कारण चौघांपैकी एकानेही तो बोर्ड तीन दिवसांत वापरलेला नव्हता. आज त्या बोर्डावर फक्त 'गुरुवार – झाडांना पाणी' एवढंच आहे. ते पुसत नाही, परमनंट मार्करने लिहिलंय. झाडं केव्हाच गेली, गुरुवार मात्र न चुकता येतो.

मग येते वस्तूंची जागा. प्रत्येक वस्तूला तिची जागा हवी आणि प्रत्येक वस्तू जागेवर हवी, हे सगळेच सांगतात, मीही सांगते, सांगायला काय जातंय. डबे आणा, लेबलं लावा. माझ्या डब्यांवर 'कागदपत्रं', 'वायरी', 'शाळा' आणि 'इतर' अशी सुवाच्य अक्षरात लेबलं आहेत. आता गंमत बघा, कुठलीही वस्तू हातात घेऊन घरातल्या माणसाला विचारा ही कुठल्या डब्यात जाईल, तो एक सेकंदही विचार न करता इतरमध्ये टाकतो. आमचं घर चार महिन्यांत इतर झालं. मग मी 'इतर २' केला. वायरींच्या डब्याचं तर बोलूच नका, त्यात अशा फोनांचे चार्जर आहेत की ते फोन कोणाचे होते हेही आठवत नाही, पण टाकायचे नाहीत, कारण टाकलं की दुसऱ्या दिवशी नेमकं तेच लागतं हा निसर्गनियम आहे.

आणि जे फारच महत्त्वाचं असेल ते डब्यातसुद्धा ठेवू नका. ते जपून ठेवा. 'जपून ठेवलंय' यापेक्षा भीतीदायक वाक्य मी घरात ऐकलेलं नाही. वॉशिंग मशीनचं वॉरंटी कार्ड मी इतकं जपून ठेवलं की वॉरंटी संपून मशीन बदललं, आणि मग नव्या मशीनचं कार्ड जपून ठेवायला गेले तेव्हा जुनं कार्ड तिथे आधीच होतं.

आता थोडं शास्त्रीय. तुम्हाला वाटेल हे सगळं अडाणी लोकांचं होतं, अभ्यास असलेल्यांचं घर वेगळं असेल. तर अमेरिकेत शंभरेक वर्षांपूर्वी फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ नावाचं नवराबायकोचं जोडपं होऊन गेलं, कामातली एकेक हालचाल फिल्मवर टिपायची आणि फालतू हालचाली काढून टाकायच्या हा त्यांचा धंदाच होता, आणि घरात मुलं १२. बारा! फ्रँकसाहेब वेस्टकोटची बटणं खालून वर लावायचे, कारण वरून खाली लावायला ७ सेकंद लागतात आणि खालून वर ३. मुलांनी पुढे लिहून ठेवलंय की त्यांनी एकदा दोन हातात दोन वस्तरे घेऊन दाढी करून पाहिली, त्यात ४४ सेकंद वाचले, आणि मग गळ्याला पट्टी बांधण्यात २ मिनिटं गेली. मला हा माणूस अगदी घरातला वाटतो. आमच्याकडे रोज कोणी ना कोणी ४४ सेकंद वाचवत असतं आणि पट्टी बांधायला मी असते.

पण त्यांनी एक काम मात्र फार भारी केलं. हाताच्या कामांचे छोटे छोटे तुकडे पाडून त्यांची यादी केली, आपलंच आडनाव उलटं करून त्या तुकड्यांना 'थर्ब्लिग' असं नाव दिलं, आणि त्या यादीत शोधणं वेगळं आणि सापडणं वेगळं धरलंय. बारा मुलांच्या आईबापालाच हे सुचू शकतं. कारण सापडणं हे काम आमच्या घरात एकच माणूस करतो, आणि शोधणं म्हणजे खोलीच्या मध्यभागी उभं राहून, मान न हलवता, "आईऽऽ, माझा मोजा कुठंय?"

हे एकदा जवळून बघाच. सकाळचे ७.४०. थोरला एका पायात मोजा घालून उभा. मी विचारते कपाटात बघितलंस का, तो म्हणतो बघितलं. नीट बघ. नीट बघितलं. हलवून बघितलंस का? यावर तो माझ्याकडे असा बघतो जणू मी त्याला कपाट खांद्यावर घ्यायला सांगितलंय. वस्तूवर दुसरी वस्तू असेल तर खालची वस्तू अस्तित्वात नसते असं आमच्याकडचं विज्ञान आहे. मी जाते, टॉवेल उचलते, मोजा. वेळ लागला नऊ सेकंद. त्याचा वेळ वाचला. आणि तो प्रामाणिकपणे म्हणतो, "तुला कसं काय लगेच सापडतं गं?"

तर मंडळी, हीच ती युक्ती, जिच्यासाठी तुम्ही इथवर आलात. घरातल्या सगळ्यांचा वेळ वाचवायचा असेल तर एका माणसाचा घ्या. बस. डायरी नको, बोर्ड नको, डबे नको. एका डोक्यात सगळं साठवा: कात्री कुठे, कोणाच्या बुटाचा सोल निघालाय, डेंटिस्टची तारीख, गॅदरिंगचा ड्रेस, पाण्याची बाटली शाळेत राहिली का बसमध्ये. हे डोकं चार्ज करावं लागत नाही, नेटवर्क लागत नाही आणि झोपेतसुद्धा उत्तर देतं. मी देते. रात्री दोन वाजता नवऱ्याने विचारलं थर्मामीटर कुठंय, मी म्हणे डोळे न उघडता सांगितलं, औषधांच्या डब्यात नाही, इतर २ मध्ये. सकाळी मला आठवतही नव्हतं.

यावर कोणीतरी म्हणेल, अगं पण आता शेअर्ड कॅलेंडर असतं, फॅमिली ग्रुप असतो, कामं वाटून घ्या की. घेतली. ग्रुपचं नाव 'घर', सभासद चार, धाकटीचा नंबर म्हणजे जुना टॅब. मी लिहिलं, 'संध्याकाळी ६ ला क्लासमधून हिला कोण आणणार?' तीन अंगठे आले. त्यातला एक खुद्द हिचाच. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू. ६.२० ला क्लासमधून फोन आला तेव्हा कळलं की अंगठा म्हणजे 'मी आणतो' नव्हे, अंगठा म्हणजे 'वाचलं, प्रश्न छान आहे'. नवरा मनापासून म्हणाला, "मला सांगायचं ना, मी गेलो असतो." हे वाक्य लिहून फ्रिजवर लावा. यात मदतीची पूर्ण तयारी आहे, फक्त लक्षात ठेवण्याचं खातं तुमच्याकडे आहे. त्याच्याकडे शिपायाचं काम द्या, तो आनंदाने करतो, हेड ऑफिस हलवू नका.

आयझेनहॉवरचे चार चौकोनही करून झाले. कामं चार चौकोनांत टाकायची: तातडीचं आणि महत्त्वाचं, नुसतं महत्त्वाचं, नुसतं तातडीचं, आणि दोन्ही नसलेलं. छान आहे, पण हे ज्यांच्या नावाने चालतं त्या साहेबांच्या हाताखाली आधी दोस्त राष्ट्रांच्या फौजा होत्या आणि नंतर अख्खं अमेरिकन सरकार, त्यांना रात्री सव्वादहाला दारात उभं राहून "उद्या शाळेत निळा पुठ्ठा न्यायचाय, तीन आठवड्यांपूर्वीच सांगितलेलं मॅडमनी" असं कोणी सांगत नसावं. आमच्याकडे सगळं पहिल्याच चौकोनात असतं. बाकीच्या तीन चौकोनांत धाकटीने मांजरं काढलीत.

आता यंत्रांकडे वळू, कारण यंत्र आलं की वेळ वाचतो असा आपला गोड समज असतो. जोआन व्हानेक या संशोधक बाईंनी १९७४ साली जुन्या नोंदी तपासल्या, तर नोकरी न करणाऱ्या अमेरिकन गृहिणी १९२० च्या दशकात आठवड्याला सुमारे ५२ तास घरकाम करत होत्या, आणि १९६० च्या दशकात, म्हणजे मध्ये वॉशिंग मशीन, व्हॅक्यूम क्लीनर सगळं येऊन झाल्यावर, सुमारे ५५ तास. वाढलेच की! कारण अगदी साधं आहे, धुणं सोपं झालं तसं जास्त धुवायला पडायला लागलं आणि स्वच्छ म्हणजे किती स्वच्छ याची पट्टी वर सरकली. आमचा थोरला दहा मिनिटं अंगात घातलेला टीशर्टही मशीनच्या टोपलीत टाकतो, कारण घडी घालून कपाटात ठेवायला तीस सेकंद लागतात आणि टोपलीत फेकायला दोन. म्हणजे अठ्ठावीस सेकंदांची बचत. कोणाची ते विचारू नका, वर सांगून झालंय.

वेळेवर निघायचं असेल तर एक सोपी आयडिया, घड्याळं पुढे करा. आमचं हॉलमधलं दहा मिनिटं पुढे, बेडरूमचं पाच. पहिले दोन दिवस धावपळ झाली, मग सगळ्यांनी वजाबाकी शिकून घेतली. आता खरी वेळ बघायला सगळे फोन हातात घेतात आणि फोन हातात घेतला की वीस मिनिटं कुठे जातात ते कोणालाच कळत नाही. मी निघायची वेळसुद्धा अर्धा तास अलीकडची सांगायचे, तर एकदा नवरा मुलांना हळूच सांगताना ऐकलं, "आईचे साडेनऊ म्हणजे आपले दहा."

पार्किन्सन नावाच्या ब्रिटिश इतिहासकाराने १९५५ मध्ये लिहून ठेवलंय की हातात जेवढा वेळ असेल तेवढं काम फुगत जातं. त्याने उदाहरण दिलंय एका रिकामटेकड्या म्हातारीचं, भाचीला एक पोस्टकार्ड पाठवायला तिला अख्खा दिवस लागतो, त्यात एक तास कार्ड शोधण्यात, एक तास चष्मा शोधण्यात, मग पत्ता शोधण्यात अर्धा तास. लोक हे वाचून हसतात. मला म्हातारीचा हेवा वाटला. तिन्ही वस्तू तिने स्वतः शोधल्या, आणि मध्ये कोणी तिला मोजा विचारला नाही.

हा लेखसुद्धा मी पद्धतशीर लिहितेय बरं का. फ्रान्चेस्को चिरिल्लो या इटालियन माणसाने विद्यार्थी असताना टोमॅटोच्या आकाराचा किचन टायमर घेऊन एक पद्धत काढली, २५ मिनिटं एकच काम, मग ५ मिनिटं सुट्टी. नियम कडक आहे, मध्ये व्यत्यय येऊन काम सोडावं लागलं तर ती २५ मिनिटं बाद, पुन्हा पहिल्यापासून. या हिशोबाने मी थोरला झाल्यापासून पहिल्याच टोमॅटोवर आहे. पण आज दार लावून घेतलं, टायमर टेबलावर ठेवला, सांगून ठेवलं की वाजेपर्यंत कोणी हाक मारायची नाही. आणि खरंच कोणी मारली नाही. एकवीस मिनिटं घरात इतकी शांतता होती की मी मध्येच उठून सगळे ठीक आहेत ना ते बघून आले.

मग दाराखालून चिठ्ठी सरकली. 'आई, हाक मारत नाहीये. कात्री कुठंय?'

मी त्याच चिठ्ठीवर लिहिलं, 'हॉल, दुसरा ड्रॉवर, डावीकडे, सेलोटेपखाली', आणि परत सरकवली. दोन मिनिटांनी परत आली. 'नाहीये. नीट बघितलं.' खाली थोरल्याच्या अक्षरात, 'मीपण बघितलं.' त्याखाली नवऱ्याची सही.

गेले. सेलोटेप उचलला, कात्री. ती देऊन परत आले तर टायमर वाजायचा थांबलेला आणि टेबलावर नाहीच. धाकटी म्हणते फार वाजत होता म्हणून बंद केला आणि जपून ठेवलाय.