एक रिकामी ओळ आणि माझा अख्खा दिवस

आंब्याचा हंगाम ऐन भरात, अंगणात पेट्यांना खिळे ठोकणं चाललंय, आणि मी आत बसून काय शोधतोय? दोन हेडिंगांमधली एक रिकामी ओळ! डोकं फिरायची वेळ आलीय.

बागेचा हिशेब मी कॉम्प्युटरवर ठेवतो, ईमॅक्स नावाच्या मजकूर लिहायच्या प्रोग्रॅममधल्या ऑर्ग मोडमध्ये. फवारणी, मजुरी, वाशीला गेलेल्या पेट्या, सगळं चांदणीवाल्या (*) हेडिंगखाली. टॅब दाबला की मिटतं, परत दाबला की उघडतं. झकास. पण मध्ये एक ओळ मोकळी सोडली तर मिटल्यावर ती गडप. दोन सोडल्या तर एक दिसते! म्हणजे कुठे हेडिंगं चिकटलेली, कुठे फट. चिकटलेली दिसली की मी आपला आणखी एक ओळ घालतो, उघडून बघावं तर आधीची तिथेच. शिवाय नवीन हेडिंग टाकताना हे शहाणं आधीच्याकडे बघून आपलं आपण ठरवतं, ओळ सोडायची की नाही. माझा घोळ पुढे इमानदारीत चालू. आणि कर्सर हेडिंगच्या मध्ये असताना नवीन हेडिंगचं आल्ट-एंटर लागलं, की ‘वाशी दुसरी गाडी’चे दोन तुकडे: एक हेडिंग ‘वाशी दुसरी’, खाली दुसरं नुसतंच ‘गाडी’.

काल तर कहर झाला. उचल बाकी असलेल्या गड्याच्या नावाआधी बाबा चोपडीत चांदणी काढतात, तशी मीही मारली. ओळीच्या सुरुवातीला चांदणी, पुढे स्पेस, झालं हेडिंग! खालची आठ नावं त्याच्या पोटात. मिटलेली यादी बघून बाबा म्हणतात, “अरे, बाकीचे गडी खंय गेले?” काय सांगू त्यांना? चांदणीच्या आधी एक स्पेस द्यायला हवी होती, हे?

२००३ मध्ये हा मोड लिहिला कार्स्टन डॉमिनिकने, आणि तो खगोलशास्त्रज्ञ. म्हटलं, चांदण्या त्याच्याच! तर त्याही ईमॅक्सच्याच जुन्या आउटलाइन मोडमधून आलेल्या. शिव्या तरी कोणाला घालायच्या?

उपाय आहे म्हणे. ‘ऑर्ग-सायकल-सेपरेटर-लाइन्स’ या सेटिंगमध्ये २ च्या जागी उणे १ लिहायचं, की असतील तेवढ्या रिकाम्या ओळी दिसतात. लिहिलं. दिसल्या! फाइलभर मी स्वतः घातलेल्या दुहेरी, तिहेरी ओळी. आता त्या एकेक काढायच्या.

लाइट आली की.