ब्रॅकेट सरळ करा, कायद्याची वाट पाहू नका

गावातल्या पथदिव्यांबद्दल ग्रामसभेत बहुतेक वेळा एकच प्रश्न येतो: किती बसवले? कोणते बसवले, कोणत्या कोनात बसवले, त्यांचा उजेड रस्त्यावर पडतो की शेजारच्या वावरात, हे विचारलं जात नाही. माझं मत सरळ सांगतो. विदर्भातल्या खेड्यांत प्रकाश प्रदूषणाला, म्हणजे नको तिथे आणि आकाशात जाणाऱ्या उजेडाला, आळा घालायचा असेल तर तो पथदिवे खरेदीच्या अंदाजपत्रकातल्या चार ओळींनी बसेल. त्या ओळी नसतात, म्हणून पुरवठादार गोदामात जे पडलं आहे ते आणून लावतो. आणि एकदा लागलेला दिवा बंद पडेपर्यंत कुणी बदलत नाही.

आपल्या देशात प्रकाश प्रदूषणावर स्वतंत्र कायदा नाही. फ्रान्सने डिसेंबर २०१८ मध्ये शासननिर्णय काढून आकाशाकडे जाणाऱ्या उजेडावर आणि दिव्याच्या रंगावर मर्यादा घातल्या. अमेरिकेतल्या अॅरिझोना राज्यातल्या फ्लॅगस्टाफ शहराने तर १९५८ मध्येच जाहिरातीच्या सर्चलाइटवर बंधन आणलं, कारण शेजारी वेधशाळा होती. तेही एका गावाचंच पाऊल होतं. पण लांब जायची गरज नाही. नागपूर जिल्ह्यातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क', म्हणजे रात्रीचं काळं आकाश जपणारं क्षेत्र, म्हणून मान्यता मिळाली. डार्कस्काय इंटरनॅशनल या संस्थेने ती दिली. त्यासाठी वाघोडा, सिल्लारी, पिपरिया आणि खापा या गावांतले शंभरावर दिवे बदलून खाली उजेड टाकणारे बसवावे लागले. या कामासाठी नवा कायदा लागला नाही आणि गावंही अंधारात गेली नाहीत. जे पेंचच्या कडेला झालं ते वर्धा, यवतमाळ, भंडारा, वाशीम, कुठल्याही जिल्ह्यातल्या पंचायतीला जमण्यासारखं आहे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमानुसार गावातली दिवाबत्ती हे पंचायतीचंच काम आहे, म्हणजे अधिकारही तिथेच आहे.

आता मूळ बिघाड कुठे आहे ते बघू. खांबाला दिवा धरायला जो जीआय (झिंक चढवलेल्या लोखंडी) पाइपचा ब्रॅकेट लावलेला असतो तो जुन्या सोडियम दिव्यांच्या काळातला, वर वाकलेला, साधारण १५ ते ३० अंशांचा. दिवे बदलून एलईडी आले, ब्रॅकेट तेच राहिले. एलईडीची सपाट काच जमिनीला समांतर असेल तर आडव्या रेषेच्या वर उजेड जात नाही. तीच काच १५ अंश वर उचलली की समोरच्या बाजूचा उजेड क्षितिजाच्या १५ अंश वरपर्यंत पोचतो. सगळ्यात जास्त नुकसान करतो तो हाच क्षितिजालगतचा उजेड. तो हवेच्या सगळ्यात जाड थरातून लांबवर जातो आणि वाटेत धूळ-धुराला धडकून विखुरतो. हिवाळ्यात पऱ्हाट्या, धसकटं पेटवल्याचा धूर साचलेला असतो तेव्हा गावावर पांढुरका घुमट दिसतो, तो यातूनच. डोक्यावरचं आकाश जातं आणि रस्त्यावर पडायचा उजेडही कमी होतो.

तपासायला यंत्र लागत नाही. दिव्याच्या उंचीला किंवा त्याहून वर जा: शाळेची गच्ची, पाण्याच्या टाकीचा जिना. तिथून दिव्याचे एलईडी दाणे दिसले तर तो दिवा आकाशात उजेड फेकतोय. नुसतं दिव्याचं काळं अंग दिसलं तर तो बरोबर बसलाय.

दुरुस्तीचे दोन रस्ते. दिव्याच्या मागच्या तोंडाला कोन बदलता येणारा अडॅप्टर मिळतो, तो पाइपात बसवून दिवा आडवा करायचा. अडॅप्टर घेताना पाइपाचा बाहेरचा व्यास मोजून न्या, नाहीतर तो ढिला बसतो आणि पहिल्याच वादळात दिवा फिरतो. दुसरा रस्ता वेल्डरचा: ब्रॅकेट उतरवून वाकलेला भाग कापायचा, आडवा जोडायचा, जोडावर झिंकचा थर द्यायचा. थर दिला नाही तर दोन पावसाळ्यांत तिथूनच गंजतो. पाणसळ लावूनच नट आवळा, नजरेने नको. आणि हे काम महावितरणच्या लाइनमनकडून पुरवठा बंद करून घेतल्याशिवाय हात लावू नका. 'पथदिव्याचा फेज वेगळा आहे, चालतं' असं म्हणून खांबावर चढलेली माणसं गेली आहेत.

दुसरी गोष्ट रंगाची. डब्यावर केल्विनचा आकडा असतो; तो जितका जास्त तितका उजेड निळसर, जितका कमी तितका पिवळा. बाजारात सहज मिळतो तो ६५०० केल्विनचा निळसर-पांढरा दिवा. निळा उजेड हवेत जास्त विखुरतो, डोळ्यांना जास्त चमकतो आणि किड्यांना जास्त ओढतो. गावात ३००० केल्विन किंवा त्याहून कमी मागा. जंगलाला लागून असलेल्या वस्तीत, तलावाच्या पाळीवर २२०० केल्विनचा पिवळा दिवा घ्या. पुरवठादार सांगेल की पिवळ्या दिव्यात उजेड कमी मिळतो. ते थोडं खरं आहे: तेवढ्याच वॅटमध्ये ३००० केल्विनचा दिवा किंचित कमी ल्युमेन (उजेडाचं माप) देतो, २२०० केल्विनचा आणखी कमी. पण ब्रॅकेट आडवा झाल्यावर वाया जाणारा उजेड रस्त्यावर येतो, त्यात ही तूट काही अंशी भरून निघते. पाच मीटर रुंदीच्या गल्लीला, सहा मीटर उंचीवर २० ते २४ वॅटचा चांगला दिवा पुरतो. तिथे ४५ वॅटचा लावला जातो, कारण अंदाजपत्रक मागच्या कामावरून उतरवलेलं असतं.

यापुढचं खास कास्तकारांसाठी, कारण आकाशाच्या गोष्टीने सरपंच हलले नाहीत तर वावराच्या गोष्टीने हलतील. सोयाबीन हे लहान दिवसाचं पीक. रात्र पुरेशी लांब झाली की त्याला फुलायचा इशारा मिळतो. धुऱ्यावरच्या खांबाचा दिवा रात्रभर जळत असेल तर त्याखालच्या झाडांना रात्र कळतच नाही. ती वाढत राहतात, फुलं उशिरा येतात, शेंगा उशिरा भरतात. सगळं वावर पिवळं पडून सोंगणीला आलेलं असतं आणि खांबाभोवतीचा गोल पट्टा हिरवाच असतो. तो पट्टा तसाच सोंगला तर हिरवा दाणा आणि ओला पाला थ्रेशरमधून मालात मिसळतो, आणि बाजार समितीत ओलाव्याची कपात सगळ्या मालावर बसते. ऑक्टोबरच्या सुरुवातीला रस्त्याकडेच्या वावरांत नजर टाका, हे डोळ्यांनी दिसतं. पूर्व विदर्भात धानाचंही तेच. दिवसाच्या लांबीवर निसवणारे (लोंबी टाकणारे) जुने भारी (उशिरा तयार होणारे) वाण दिव्याखाली उशिरा निसवतात. शिवाय खोडकिड्याचे पतंग आणि तुडतुडे उजेडाकडे येतात. प्रकाश सापळा याच तत्त्वावर चालतो. फरक एवढाच की सापळ्यात कीड मरते आणि बांधीवरच्या पथदिव्याखाली ती पिकावर उतरते.

इथे बरेच जण म्हणतात, टायमर लावू, दहाला बंद करू. वीज वाचायला ते ठीक. पिकाला मात्र त्याने पूर्ण आराम मिळत नाही. जुलैत सूर्य सातच्या सुमारास मावळतो, दिवा दहापर्यंत चालला की पिकासाठी दिवस तीन तासांनी लांबतोच. म्हणून वावराकडच्या बाजूला आड लावणं हाच खरा उपाय. एक मिलिमीटर जाडीचा अॅल्युमिनियमचा पत्रा, आतून काळा रंग, दिव्याच्या वावराकडच्या कडेला खाली उतरता. स्टीलच्या स्क्रूने बसवा आणि वरच्या उष्णता सोडणाऱ्या पट्ट्या झाकू नका. त्या झाकल्या की आतला ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारं सर्किट) तापून जातो आणि दोष पत्र्यावर येतो. पांदण रस्त्यावर वस्ती नसेल तर तिथला दिवा खरिपात पूर्ण बंद ठेवायचा ठराव करा.

राखणीसाठी वावरातच मोठे फ्लड (झोताचे दिवे) लावणाऱ्यांनाही हेच सांगणं आहे. रोही (नीलगाय) आणि रानडुकरं स्थिर उजेडाला थोड्या दिवसांत सरावतात. पीक वाचतं ते कुंपणाने, झटका मशीनने आणि जागलीने.

आता वाघाचा मुद्दा. चंद्रपूर, गडचिरोली, गोंदियाच्या गावांत 'दिवे कमी करा' म्हणणाऱ्याला लोक उभं करत नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे. जिथे माणसं जनावराच्या हल्ल्यात गेली आहेत तिथे अंधाराचं कौतुक सांगायला जाऊ नये. पण झगझगीत दिवा सुरक्षित ठेवतो, हेही तपासून बघा. तीव्र दिवा डोळ्यांसमोर आला की बाहुली आकसते आणि दिव्यापलीकडची सावली आणखी काळी होते. झुडपात बसलेलं जनावर त्याच सावलीत असतं. खाली पडणारा, मध्यम, सारखा उजेड असेल तर रस्त्याच्या दोन्ही कडा दिसतात. मण्यार रात्री फिरते, तीही पायाशी दिसायला हवी. त्यामुळे शौचालयाची वाट, हापशी, गोठ्याचं दार, बस थांबा इथे उजेड हवाच, आणि तो जमिनीवर हवा. गोठ्याला आणि परसात हालचालीवर लागणारा सेन्सरचा दिवा लावा. तो अचानक पेटला की माणूसही सावध होतो. आणि वस्तीच्या कडेची घाणेरीची झुडपं आधी काढा. ते काम कुठल्याही दिव्यापेक्षा जास्त उपयोगी आहे.

कुठे उजेड हवा हे ठरवायची जागा म्हणजे महिला सभा. ग्रामसभेआधी ती होतेच. तिथे खांबांचे क्रमांक घालून यादी करा: हा ठेवा, हा आडवा करा, याला आड लावा, इथे नवा हवा. रात्री फिरून केलेली यादी दुपारी कार्यालयात बसून केलेल्या यादीपेक्षा वेगळी निघते.

हायमास्टबद्दल मला सगळ्यात जास्त तक्रार आहे. चौकात साडेबारा मीटरचा खांब आणि वर २०० वॅटचे सहा फ्लड, म्हणजे १,२०० वॅट. रोज १२ तास धरले तर वर्षाचे ४,३८० तास आणि ५,२५६ युनिट. एवढ्याच विजेत २० वॅटचे ६० पथदिवे वर्षभर चालतात, म्हणजे एका लहान गावाच्या सगळ्या गल्ल्या. फ्लड तिरके लावलेले असल्याने त्यांचा उजेड कोसांवरून दिसतो आणि खांबाखालच्या चौकात मात्र गरजेपेक्षा कितीतरी जास्त पडतो. तो खांब वरच्या निधीतून येतो, बिल पंचायतीच्या माथी येतं. थकलं की पथदिव्यांची वीज तुटते. जागेचा आणि बिल भरण्याचा ठराव बहुधा पंचायतीकडूनच मागितला जातो. त्या ठरावातच अट लिहा: फ्लडची काच जमिनीला समांतर, ३००० केल्विन, रात्री ११ नंतर सहापैकी दोनच चालू. त्यासाठी दोन वेगळे सर्किट आणि दोन टायमर सुरुवातीलाच मागावे लागतात, नंतर कुणी ओढून देत नाही.

सौर दिव्यांत वेगळी गडबड असते. पॅनेल आणि दिवा एकाच पेटीत असलेला प्रकार सगळीकडे लागतोय. पॅनेलला ऊन मिळावं म्हणून पेटी दक्षिणेकडे तिरकी केली की दिवाही तिरका होतो. पॅनेल वेगळं आणि दिवा वेगळा असलेलाच प्रकार घ्या.

टायमर घेताना साधा नको. नागपूरकडे सूर्य नोव्हेंबरअखेर साडेपाचच्या सुमारास मावळतो आणि जूनअखेर सातच्या आसपास. ठरलेल्या वेळेचा टायमर मग कायम चुकीचा. सूर्यास्ताप्रमाणे वेळ बदलणारा, आत बॅटरी असलेला डिजिटल टायमर डीपीजवळच्या पथदिव्यांच्या मीटर पेटीत कॉन्टॅक्टरसह (जास्त भार पेलणाऱ्या स्विचसह) बसवा. बॅटरी नसेल तर लाइट गेली तेवढा वेळ घड्याळ मागे पडतं आणि महिनाभरात दिवे भर दुपारी जळायला लागतात. फोटोसेल (उजेड ओळखून दिवा चालू-बंद करणारा) लावलाच तर तो उत्तरेकडे तोंड करून, दिव्याच्या उजेडापासून लांब. स्वतःच्याच दिव्याचा उजेड दिसला की तो दिवा लावतो, बंद करतो, परत लावतो. धूळ किंवा पाखरांची विष्ठा बसली की त्याला दिवसाही रात्र वाटते.

हॉटेल, लॉन, पेट्रोल पंप, रिसॉर्ट यांच्यावर पंचायतीचा हात तोकडा आहे, हे मान्य. ना हरकत देताना अट घालता येते, तेवढी घाला. लग्नात आणि जत्रेत आकाशात फिरणारे शार्पी (तीव्र झोताचे दिवे) जंगलालगतच्या गावांनी तरी ठराव करून बंद करावेत.

अंदाजपत्रकात आणि ठरावात घालायचा मजकूर खाली देतो, जसाच्या तसा उचला:

"पथदिवे २० ते २४ वॅट, रंग ३००० केल्विन किंवा कमी (जंगललगत २२००), सपाट काच, आडव्या रेषेवर शून्य उजेड, ब्रॅकेट कोन शून्य अंश, बीआयएस प्रमाणित, आयपी ६६ (धूळ-पाण्यापासून संरक्षण), १० केव्ही सर्ज संरक्षण (अचानक वाढलेल्या व्होल्टेजपासून), १४० ते ३०० व्होल्टवर चालणारा ड्रायव्हर, ५ वर्षांची बदलून देण्याची हमी. वावरालगतच्या खांबांना आड. बॅटरीसह सूर्यास्त-आधारित टायमर. अंतिम देयकापूर्वी सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी व महिला सभेच्या दोन प्रतिनिधींनी रात्री संयुक्त पाहणी करावी. दिव्याच्या उंचीवरून एलईडी दाणे दिसणारा प्रत्येक दिवा दुरुस्त होईपर्यंत देयकाची १० टक्के रक्कम राखून ठेवावी."

यातली शेवटची अट गाळू देऊ नका. ती राहिली तर कंत्राटदार पाणसळ घेऊनच खांबावर चढतो.