एअर फिल्टर काढून इंजिन चालवण्याचा सल्ला घातक आहे

लहान पेट्रोल इंजिन सुरू होत नसेल तर काय करावे, हे चार वाक्यांत सांगणारा एक संदेश सध्या बराच फिरतो आहे. एअर फिल्टर काढून टाका, म्हणजे मोकळी हवा मिळून ताकद वाढते; फिल्टर ठेवायचाच असेल तर पेट्रोलने धुवा; सुरू करण्यापूर्वी प्रायमरचा बल्ब (पेट्रोल पुढे खेचणारा छोटा रबरी फुगा) दर वेळी 15-20 वेळा दाबा; आणि तरीही इंजिन दाद देत नसेल तर कार्ब्युरेटरच्या (हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या भागाच्या) तोंडात झाकणभर पेट्रोल ओता, असा त्याचा आशय आहे. माझ्या आतेभावाने तो वाचून गवत कापण्याच्या यंत्राचा फिल्टर खरोखरच काढून ठेवला आणि यंत्र आता किती छान पळते हे मला कौतुकाने कळवले, म्हणून हे लिहिणे भाग आहे.

यंत्र जास्त पळते, एवढे अर्धसत्य नाइलाजाने मान्य करतो. फिल्टर धुळीने बुजला की हवा कमी पडते, मिश्रणात पेट्रोल जास्त होते, काळा धूर येतो आणि स्पार्क प्लगवर, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या भागावर, काजळी धरते. असा फिल्टर काढल्यावर इंजिन मोकळे धावणारच. पण त्यावरून सिद्ध होते ते इतकेच, की तो फिल्टर साफ करण्याची किंवा बदलण्याची वेळ कधीच येऊन गेली होती. एक लिटर पेट्रोल जाळण्यासाठी इंजिन सुमारे 9,000 लिटर हवा ओढते, आणि गवत कापताना ही हवा जमिनीलगतच्या धुळीतून येते. त्या धुळीतले वाळूचे बारीक कण पिस्टनच्या अ‍ॅल्युमिनियमपेक्षा कितीतरी कठीण असतात. सिलिंडरवरच्या तेलात ते मिसळले की प्रत्येक फेरीला पिस्टन, रिंगा आणि सिलिंडर घासले जातात, कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब) उतरते, तेल जळू लागते, आणि शेवटी इंजिन सुरू होईनासे होते. म्हणजे ज्या तक्रारीवर हा उपाय सांगितला जातो, तीच तक्रार तो कायमची करून ठेवतो.

दुसरा धोका आगीचा आहे. इंजिनाने कधी उलटा फटका दिला (बॅकफायर, म्हणजे मिश्रण भलत्या वेळी पेटले) तर ज्वाला कार्ब्युरेटरच्या तोंडातून बाहेर येते, आणि फिल्टर व त्याचे आवरण नसेल तर तिला अडवायला तिथे काहीच उरत नाही. लहान इंजिने बनवणाऱ्या ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन कंपनीच्या माहितीपुस्तिकांत एअर फिल्टर काढलेल्या अवस्थेत इंजिन सुरू करू नये, अशी स्पष्ट ताकीद आहे. अशा उघड्या तोंडात वर पेट्रोल ओतायला सांगणे हा निव्वळ अविचार आहे. पेट्रोलची वाफ उणे 40 अंश सेल्सिअसच्या आसपासच्या थंडीतही पेट घेऊ शकते, आणि दोरी ओढणाऱ्याचा चेहरा व हात त्या तोंडापासून फार दूर नसतात.

फिल्टर पेट्रोलने धुण्याबद्दल थोडक्यात सांगतो. त्याच पुस्तिका सॉल्व्हंट (पेट्रोलसारखे विरघळवणारे द्रव) आणि दाबाची हवा दोन्ही वापरू नका असे सांगतात, कारण सॉल्व्हंटने फिल्टर विरघळतो आणि हवेच्या झोताने फाटतो. कागदी फिल्टर हलकेच आपटून धूळ झाडावी, साफ होत नसेल तर बदलावा. त्याला पाणी किंवा तेल लावू नये. स्पंजचा फिल्टर मात्र साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन, पूर्ण वाळवून, इंजिन ऑइलचे थोडे थेंब मुरवून आणि जादा तेल पिळून काढून परत बसवता येतो.

प्रायमरच्या बाबतीत संदेश दोन वेगळ्या रचनांची गल्लत करतो. डायफ्राम (लवचिक पडद्याचा) कार्ब्युरेटर असलेल्या बहुतेक टू-स्ट्रोक यंत्रांत, म्हणजे ज्यांत पेट्रोलमध्येच तेल मिसळतात अशा यंत्रांत, बल्ब पेट्रोल कार्ब्युरेटरमधून ओढून पुन्हा टाकीत सोडतो, त्यामुळे तिथे चार वेळा जास्त दाबल्याने विशेष बिघडत नाही. फ्लोट (पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता भाग) असलेल्या अनेक फोर-स्ट्रोक, म्हणजे तेल वेगळे भरायच्या, इंजिनांत मात्र प्रत्येक दाबाला पेट्रोल थेट हवेच्या मार्गात जाते. तिथे साधारण तीन वेळा दाबणे पुरते, आणि वीस वेळा दाबले तर इंजिन ओव्हरफ्लो होऊन, म्हणजे आत जादा पेट्रोल साचून, प्लग ओला होतो. तसे झालेच तर प्लग काढून पुसावा, उडालेले पेट्रोल सुकू द्यावे आणि मगच पुन्हा प्रयत्न करावा.

बल्ब दाबूनही त्यात पेट्रोल दिसत नसेल, तर तो कडक होऊन चिरला आहे का, नळी फुटली आहे का आणि टाकीतला पेट्रोल फिल्टर बुजला आहे का, हे पाहावे. पेट्रोल महिन्याहून अधिक काळ तसेच पडून राहिले असेल, तर आधी ते बदलावे.