ह्यूगो सांचेझ खरोखरच 'पेनल्टीचा राजा' होता का?

ह्यूगो सांचेझ या मेक्सिकन आघाडीपटूविषयीचा एक मजकूर फुटबॉलप्रेमींमध्ये अधूनमधून फिरत असतो आणि टीव्हीवरच्या चर्चेत सांचेझने आजच्या एखाद्या खेळाडूला नावे ठेवली की तो हमखास पुन्हा वर येतो. त्याचा गोषवारा असा: स्पेनमधले त्याचे गोल रेआल माद्रिदच्या गुणी साथीदारांनी ताटात वाढून दिलेले होते आणि उरलेले पेनल्टीचे होते, प्रशिक्षक म्हणून तो सपशेल नापास झाला, मेक्सिकोसाठी विश्वचषकात त्याने काहीच केले नाही, आणि सगळीकडून परतल्यावर आता तो टीव्हीच्या खुर्चीत बसून इतरांना शहाणपण शिकवतो. यातली काही विधाने अर्धी खरी असल्यामुळेच हा मजकूर लोकांना पटतो, म्हणून प्रत्येक विधान वेगळे काढून तपासायला हवे.

साथीदारांचा मुद्दा तारखांपुढे टिकत नाही. बुत्रागेन्यो, मिचेल, मार्टिन वास्केझ यांच्या रेआल माद्रिदमध्ये सांचेझ 1985 साली दाखल झाला हे खरे, पण स्पॅनिश लीगमध्ये सर्वाधिक गोल करणाऱ्याला मिळणारा 'पिचिची' पुरस्कार त्याने पहिल्यांदा पटकावला तो त्याआधी, 1984-85 च्या मोसमात, अ‍ॅटलेटिको माद्रिदकडून 19 गोल करून. त्याच वर्षी कोपा देल रे या स्पॅनिश चषक स्पर्धेच्या अंतिम सामन्यात अ‍ॅटलेटिकोने अ‍ॅथलेटिक बिलबाओला 2-1 असे हरवले आणि विजेत्यांचे दोन्ही गोल सांचेझचेच होते. कारकिर्दीच्या दुसऱ्या टोकाला, 1993-94 मध्ये, पस्तिशीतला सांचेझ रायो वायेकानोसारख्या गरीब संघाकडून खेळला. त्या मोसमाअखेर संघ खालच्या श्रेणीत घसरला, तरी त्याच्या नावावर लीगचे 16 गोल होते. बुडत्या संघात ताट वाढून देणारे कोण होते, हे मजकूर लिहिणाऱ्यांनी सांगायला हवे. माद्रिदमधल्या सोबत्यांनी त्याचे काम सोपे केले यात शंका नाही, कारण सलग पाच लीग विजेतेपदे एकट्यादुकट्याची नसतात. पण त्या संघात चेंडू पुढे येण्याची वाट पाहणारे इतरही होते आणि चार वेळा पिचिची सांचेझलाच मिळाला.

पेनल्टीच्या आरोपाची गंमत अशी की सांचेझच्या चाहत्यांनीच त्याला थोडे खतपाणी घातले आहे. 1989-90 च्या मोसमात त्याने 35 सामन्यांत 38 गोल करून तेल्मो झाराच्या 1950-51 मधल्या विक्रमाशी बरोबरी केली आणि युरोपचा 'गोल्डन बूट' बल्गेरियाच्या ह्रिस्तो स्तोइचकोव्हबरोबर वाटून घेतला. हे सगळेच्या सगळे 38 गोल एकाच स्पर्शात झाले, असे चाहते अभिमानाने सांगतात. त्यावर टीकाकार म्हणतात की पेनल्टी आणि फ्री किकसुद्धा एकाच स्पर्शाच्या असतात, मग त्यात कसले कौतुक? टीकाकारांचा हा आक्षेप बरोबर आहे, त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा. एका मोसमात कुठल्याही संघाला पेनल्टी मिळून मिळून किती मिळणार? चर्चेपुरत्या दहा वजा केल्या तरी 28 गोल उरतात, आणि तेवढ्यावरही बहुतेक आघाडीपटू आयुष्यभर समाधानी राहतील. लीगमधले त्याचे एकूण 234 गोल आजही मेस्सी, रोनाल्डो, झारा आणि बेन्झेमा एवढ्या चौघांच्याच मागे आहेत.

शिवाय एकाच स्पर्शात गोल करणे म्हणजे नेमके काय, हे एकदा डोळ्यांनी पाहावे. 10 एप्रिल 1988 रोजी लोग्रोन्येसविरुद्धच्या सामन्यात मार्टिन वास्केझने डावीकडून उंच क्रॉस टाकला. चेंडू सांचेझच्या थोडा मागे पडत होता, छातीवर घेऊन खाली उतरवण्याइतकी उसंत नव्हती. त्याने गोलकडे पाठ केली, अंग हवेत आडवे झोकून दिले आणि डाव्या पायाने डोक्यावरून मारलेला फटका वरच्या कोपऱ्यात जाऊन बसला. रेआल माद्रिदच्या बर्नाबेऊ मैदानातल्या प्रेक्षकांनी पांढरे रुमाल फडकावले. त्याची बहीण जिम्नॅस्ट होती, 1976 च्या माँट्रिअल ऑलिंपिकमध्ये उतरलेली. गोलनंतरची त्याची प्रसिद्ध कोलांटीही तिथूनच आलेली. ही कसरत पेनल्टीच्या ठिपक्यावर उभे राहून शिकता येत नाही.

प्रशिक्षकपदाचा मुद्दा थोडक्यात आटोपतो. 2004 मध्ये त्याच्या पुमास या मेक्सिकन क्लबने क्लाउसुरा आणि अपेर्तुरा या लीगच्या दोन्ही अर्ध्या मोसमाच्या स्पर्धा लागोपाठ जिंकल्या. मेक्सिकोत लहान स्पर्धांची पद्धत सुरू झाल्यापासून तोवर कोणालाही ते जमले नव्हते. त्याच वर्षी बर्नाबेऊ करंडकाच्या सामन्यात पुमासने रेआल माद्रिदला त्यांच्याच मैदानावर 1-0 असे हरवले. 2008-09 च्या मोसमात अर्ध्यावर हाती घेतलेला अल्मेरिया हा स्पॅनिश संघ त्याने लीगमध्ये 11व्या क्रमांकावर नेला. मेक्सिकोच्या राष्ट्रीय संघाच्या प्रशिक्षकपदाबाबत मात्र टीकाकारांचे म्हणणे मान्य करावे लागेल. 2007 च्या कोपा अमेरिकामध्ये सलामीलाच ब्राझीलला 2-0 हरवून मेक्सिकोने तिसरे स्थान मिळवले खरे, पण त्याच वर्षी गोल्ड कपचा अंतिम सामना अमेरिकेविरुद्ध गमावला. मार्च 2008 मध्ये 23 वर्षांखालील संघ गोलफरकावर ऑलिंपिकला मुकला आणि सांचेझची उचलबांगडी झाली. त्याआधी रिकार्दो ला व्होल्पे राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक असताना सांचेझने त्याच्यावर इतकी झोड उठवली होती की या पडझडीत त्याच्याविषयी कोणाला सहानुभूती वाटली नाही, आणि वाटायचे कारणही नव्हते. पण 'सपशेल नापास' हा शब्द मेक्सिकन लीगच्या पुस्तकात बसत नाही.

टीव्हीविषयी मी त्याची वकिली करणार नाही. ईएसपीएनच्या चर्चांमध्ये तो स्वतःच्या पाच पिचिचींचा उल्लेख ज्या वारंवारतेने करतो, ते ऐकून त्याचा चाहताही कंटाळावा. मात्र आत्मप्रौढी हा स्वभावदोष झाला. त्यावरून मागच्या गोलांची संख्या कमी होत नाही. जुन्या खेळाडूने समालोचक होणे म्हणजे हरल्याची कबुली, असे धरले तर जगातल्या निम्म्या स्टुडिओंना कुलूप लावावे लागेल. जाता जाता, हा गृहस्थ मेक्सिकोच्या राष्ट्रीय विद्यापीठात दंतवैद्यक शिकलेला आहे; पोटापाण्यासाठी त्याला कॅमेऱ्यापुढे बसण्यावाचून गत्यंतर नव्हते, असे नाही.

राहिला विश्वचषक, आणि मजकुरातला सर्वांत चुकीचा भाग हाच आहे. आकडा खरा आहे: आठ सामने, एक गोल, तोही 1986 मध्ये बेल्जियमविरुद्ध. त्याच स्पर्धेत पॅराग्वेविरुद्ध 1-1 अशी बरोबरी असताना शेवटच्या मिनिटांत त्याची पेनल्टी गोलरक्षक रोबेर्तो फेर्नांदेझने अडवली, आणि ज्याला 'पेनल्टीचा राजा' म्हणून हिणवायचे त्याच्या नावावर हा डाग असावा, हा विचित्र योगायोग आहे. पण हे आठ सामने कधीचे आहेत ते पाहा. तीन 1978 चे, तेव्हा तो वीस वर्षांचाही नव्हता आणि मेक्सिको तिन्ही सामने हरला. चार 1986 चे. एक 1994 चा. 1982 साठी मेक्सिको पात्रच ठरला नाही. आणि 1990?

1990 च्या उन्हाळ्यात सांचेझ 38 गोल करून युरोपातला अव्वल गोलवीर झाला होता आणि विश्वचषक इटलीत, माद्रिदहून दोन-अडीच तासांच्या विमान अंतरावर होता. मेक्सिकोचा संघ तिथे नव्हता, कारण 1988 मध्ये 20 वर्षांखालील गटाच्या पात्रता स्पर्धेत मेक्सिकन महासंघाने वय चोरून चार खेळाडू उतरवले होते. 'काचिरुलेस' या नावाने ते प्रकरण तिकडे अजूनही ओळखले जाते. फिफाने त्याबद्दल मेक्सिकोच्या सर्व संघांवर दोन वर्षांची बंदी घातली. जन्मतारखा पदाधिकाऱ्यांनी बदलल्या आणि विश्वचषक बुडाला सांचेझचा. 'विश्वचषकात काहीच केले नाही' असे लिहिणाऱ्याने निदान हे एक वाक्य जोडायला हवे होते.

1994 ची गोष्ट त्याहून बोचरी आहे. नॉर्वेविरुद्धचा पहिला सामना मेक्सिकोने 1-0 असा गमावला आणि त्यानंतर सांचेझ मैदानात दिसला नाही. 5 जुलैला न्यू जर्सीत बल्गेरियाविरुद्ध बाद फेरीचा सामना 1-1 असा अडला. लुईस गार्सियाला पंचांनी बाहेर काढले, बल्गेरियाचाही एक खेळाडू गेला, मध्येच गोलची चौकट मोडून ती बदलावी लागली, अतिरिक्त वेळही संपला. या 120 मिनिटांत प्रशिक्षक मिगेल मेहिया बारोन यांनी एकही बदली खेळाडू उतरवला नाही. मेक्सिको शूटआउटमध्ये 3-1 असा हरला. पाच पिचिची मिळवलेला माणूस तेवढा वेळ राखीव खेळाडूंच्या बाकावर बसून होता.