खुलासा: सांडलेलं डिझेल साबणाच्या पाण्याने 'साफ' होत नाही

सध्या मुंबईतल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: टँकरमधून रस्त्याकडेला डिझेल-पेट्रोल सांडलं तर साबणाचं पाणी मारा, वर माती पसरा, एका पावसात सगळं धुऊन जातं, विहिरीचं पाणी उकळून प्या. यातलं जवळजवळ सगळं चुकीचं आहे, आणि शेवटचा सल्ला धोक्याचा.

साबणाने इंधन नाहीसं होत नाही. त्याचे बारीक थेंब होऊन ते पाण्यासोबत गटारात आणि जमिनीत उतरतं. कोरडी वाळू टाकणं ठीक, पण ती तेल शोषते, संपवत नाही. ती वाळू आणि खालची भिजलेली माती उचलून घातक कचरा म्हणूनच न्यावी लागते. तळोज्याला त्यासाठी केंद्र आहे.

मुंबईखाली बहुतांशी बेसाल्ट खडक. त्याच्या भेगांतून इंधन कुठवर गेलं, हे वरून कळत नाही. डिझेल भूजलावर तरंगतं, पावसाळ्यात पातळीबरोबर वरखाली होत मातीला चिकटत राहतं. पेट्रोलमधलं बेन्झीन हे विषारी रसायन तर पाण्यात विरघळतं. पिण्याच्या पाण्यात त्याची जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला फक्त 0.01 मिलिग्रॅम आहे, त्यामुळे वास येत नाही म्हणजे पाणी चांगलं, असं धरू नका. उकळल्यावर बेन्झीनचीच वाफ स्वयंपाकघरात पसरते.

खरी सफाई सावकाश होते: तरंगतं इंधन उपसणं, मातीतली वाफ ओढून घेणं, हवा आणि पोषकं देऊन जिवाणूंकडून तेल खाववणं. तोवर जवळच्या विहिरी-बोअरिंगचं पाणी तपासणीशिवाय वापरू नका. इंधन सांडलेलं दिसलं तर ठिणगी टाळा, लांब राहा, 101 (अग्निशमन दल) किंवा 1916 (मुंबई महापालिका) वर कळवा.